फेस कुठला, शब्द कुठला

परवा आठवीच्या वर्गात मी एका मुलीचा अर्धा गुण कापला. तो अर्धा गुण मला चांगला पंधरा दिवस पुरला. त्याचीच गोष्ट आज सांगणार आहे.

मी शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. घटक चाचणीत प्रश्न होता : ‘फोम’ या शब्दाचे तीन समानार्थी शब्द लिहा आणि त्यांपैकी एक वाक्यात वापरा. फोम म्हणजे फेस. सोपा प्रश्न म्हणूनच मी तो घातला होता. बहुतेक मुलांनी गाईडातून पाठ केलेले फ्रॉथ, लॅदर आणि सड्ज हे तीन शब्द उतरवले. दोघातिघांनी लॅदरच्या जागी लेदर, म्हणजे कातडे, लिहून फेसाला चामडे चिकटवले. एका मुलीने मात्र तिन्ही शब्द अचूक लिहिले आणि खाली वाक्य केले : माझी आई डाळ शिजवते तेव्हा डाळीवर खूप लॅदर येते.

मी लाल रेघ मारली आणि अर्धा गुण कापला.

तास संपल्यावर ती वही घेऊन टेबलाशी आली. म्हणाली, “बाई, लॅदर म्हणजे फेस ना?”

“हो.”

“मग डाळीला फेसच येतो ना?”

“येतो. पण त्याला लॅदर म्हणत नाहीत.”

“का?”

“म्हणत नाहीत म्हणजे नाही म्हणत,” मी म्हटलं.

ती “बरं” म्हणाली आणि वही मिटून गेली. मैत्रिणींनो, हे ‘बरं’ आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे. आपण स्वतः ते घरात किती वेळा म्हणतो! ‘तुम्हालाही माहीत नाही, पण तुम्ही मोठे आहात’ असा त्याचा सरळ अर्थ असतो. आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं. मला कारण माहीत नव्हतं. बी. ए. ला इंग्रजी घेतलं होतं तरी नव्हतं.

घरी आले, डाळीचा कुकर लावला, आणि तिसऱ्या शिट्टीला वाफेबरोबर पिवळा फेस झाकणावर उतरला. तो पुसता पुसता मनात आलं, दिवसभरात आपण किती तऱ्हांचा फेस पाहतो! सकाळी दात घासताना पेस्टचा, उतू जाणाऱ्या दुधाचा, यांच्या दाढीचा, भाताच्या पेजेचा, डाळीचा, भांड्यांचा, कपड्यांच्या बादलीतला. संध्याकाळी रसवंतीत गेलो तर अर्धा ग्लास उसाच्या रसाचा नि अर्धा फेसाचा! या सगळ्यांना आपण एकच शब्द वापरतो. इंग्रज मात्र ठिकाण बदललं की शब्द बदलतो. का बरं बदलत असेल?

इंग्रजी फेसाचे घराणे

आधी फेस म्हणजे काय ते पाहू. पातळ पदार्थाच्या पातळ पापुद्र्यांत हवा कोंडली की असंख्य बुडबुडे होतात. ते एकमेकांना चिकटून राहिले की झाला फेस. निव्वळ पाणी कितीही घुसळा, फेस टिकत नाही. पाण्यात पापुद्रा धरून ठेवणारे काही तरी असावे लागते. साबणात ते असतेच. डाळीत, दुधात आणि अंड्याच्या पांढऱ्यात ते काम प्रथिने करतात. रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते, ते करते. डाळीतही हे सॅपोनिन थोडे असते. म्हणून तर डाळ अशी साबणासारखी फेसाळते.

आता शब्दांकडे वळू. ‘फोम’ हा यातला सगळ्यांत मोठा शब्द. कुठल्याही फेसाला तो चालतो. समुद्राच्या, साबणाच्या, आग विझवण्याच्या, इतकंच काय, आपल्या गादीलासुद्धा! फोमची गादी म्हणजे गोठवलेला फेसच. त्यात बुडबुडे असतात, फक्त ते फुटत नाहीत.

‘फ्रॉथ’ म्हणजे पातळ पदार्थाच्या वर धरलेला फेस. दुधावरचा, ताकावरचा, कॉफीवरचा, डाळीवरचा. तोंडातून येणारा फेसही फ्रॉथच. या शब्दाला एक तिरका अर्थही आहे. ज्यात दम नाही, नुसता फुगारा आहे, अशा बोलण्याला इंग्रजीत फ्रॉथ म्हणतात. रसवंतीतला तो अर्धा ग्लास आठवा, म्हणजे अर्थ विसरणार नाही.

‘लॅदर’ म्हणजे साबण चोळून काढलेला फेस. अंगाला, केसांना, दाढीला. या शब्दाचे मूळच धुण्याच्या अर्थाचे आहे. इथेच माझ्या विद्यार्थिनीचे उत्तर दडलेले होते. लॅदर आपण मुद्दाम काढतो, धुण्यासाठी. डाळीवर फेस आपोआप येतो, आणि डाळ काही आपण साबण लावून धूत नाही! घामाने थबथबलेल्या घोड्याच्या अंगावर जो पांढरा फेस येतो त्यालाही लॅदरच म्हणतात, आणि त्यावरूनच चिडून, गोंधळून गेलेल्या माणसाला ‘लॅदरमध्ये आहे’ असे म्हणतात. आपल्याकडे घोड्याऐवजी बैल कष्टाचा. म्हणून आपण दमल्यावर आपल्या तोंडाला फेस येतो. दोन्हीकडे फेस जनावराचा आणि दमणूक माणसाची. पाहा, शब्द वेगळे असले तरी माणसं किती सारखी असतात!

‘सड्ज’ म्हणजे साबणाचे फेसाळ पाणी. बादलीतले, बेसिनमधले. हा शब्द इंग्रजीत नेहमी अनेकवचनी असतो, जसे आपल्याकडे पोहे. एक पोहा कोणी मागत नाही.

‘स्कम’ म्हणजे वर आलेली घाण. या शब्दाला आपल्याकडे फार नेमका प्रतिशब्द आहे, तो गुऱ्हाळावर सापडतो. काहिलीत उसाचा रस उकळू लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात आणि वर येणारी मळी झाऱ्याने काढून टाकतात. ती मळी म्हणजे स्कम. मात्र हा शब्द माणसाला लावला तर ती जबर शिवी होते. मुलांना अर्थ सांगाल तेव्हा हेही सांगा.

आणि शेवटचा शब्द तुमच्या-माझ्या तोंडात रोज असतो, पण त्याचा अर्थ फेस आहे हे माझ्या तरी ध्यानात कधी आले नव्हते. तो शब्द म्हणजे ‘सर्फ’. किनाऱ्यावर आपटून फुटणाऱ्या फेसाळ लाटा म्हणजे सर्फ. या नावाची कपड्यांची पावडर आपल्याकडे 1959 साली आली आणि पुढे तिचे नाव इतके रुळले की दुकानात कुठलीही पावडर घ्यायची असली तरी आपण ‘सर्फ द्या’ म्हणू लागलो. गंमत अशी की हा शब्द इंग्रजीत आला तो मुळी हिंदुस्थानच्या किनाऱ्याची वर्णने लिहिताना. त्यामुळे तो इथूनच उचलला असावा, असाही एक तर्क आहे. ‘शाम्पू’चे तसे नाही, तो नक्की आपलाच. चांपणे, म्हणजे चंपी करणे, यावरून तो गेला. आधी त्याचा अर्थ मालिश होता, फेस त्यात मागाहून शिरला.

हे वाचून कोणी म्हणेल, इंग्रजीत इतके शब्द आणि आपल्याकडे एकटा फेस, म्हणजे आपली भाषा गरीब की काय? मुळीच नाही. संस्कृतातला ‘फेन’ आणि इंग्रजीतला ‘फोम’ या तर एकाच आजीच्या नाती आहेत, भाषेचे अभ्यासक त्यांचे मूळ एकच मानतात. आपल्या कोकणात फेसाला अजून फेण म्हणतात. अफूला संस्कृतात अहिफेन म्हणतात, म्हणजे सापाचा फेस. पुराणात नमुची नावाच्या असुराची गोष्ट आहे. त्याला ओल्या वस्तूने मारायचे नाही नि कोरड्याही नाही, दिवसा नाही नि रात्रीही नाही, असे वचन होते. इंद्राने त्याला तिन्हीसांजेला मारले, पाण्याच्या फेसाने! फेस ओलाही नाही नि कोरडाही नाही, हे त्या काळी कोणी तरी किती बारकाईने पाहिले असेल!

आपली श्रीमंती क्रियापदात

इंग्रजाकडे नामे जास्त आहेत, तर आपल्या स्वयंपाकघरात क्रियापदे. दूध उतू जाते, इडलीचे पीठ फसफसते, ताक घुसळले की फेसाळते, अंडे फेटायचे असते आणि मोहरी फेसायची असते. या ‘फेसणे’ला इंग्रजीत एका शब्दाचे उत्तर मला तरी सापडले नाही.

फेसण्याचा विषय निघालाच आहे तर दोन सूचना देऊन ठेवते. कोशिंबिरीसाठी किंवा केळ्याच्या रायत्यासाठी मोहरी फेसताना नेहमी गार पाणी घ्या. मोहरीचा झणका हा दाणा फुटून त्याला पाणी लागल्यावर तयार होतो. गरम पाण्याने तो मारला जातो आणि नुसती कडवट चव उरते. चिमूटभर मीठ घालून नाकाला झिणझिण्या येईपर्यंत फेसा, आणि लगेच दह्यात मिसळा. दहीवड्याचे उडदाचे पीठ हाताने एकाच दिशेने फेसा. वाटीभर पाण्यात थेंब सोडून पाहा. तरंगला की पीठ हलके झाले, बुडाला की अजून पाच मिनिटे हात चालवा. इथे हवा कोंडण्याचेच काम आपला हात करतो.

डाळीच्या फेसाबद्दल पुष्कळ मैत्रिणी विचारतात की तो विषारी असतो का? नसतो. उघड्या पातेल्यात डाळ शिजवत असाल तर पहिला फेस पळीने काढून टाका, वरण स्वच्छ दिसते, इतकेच. कुकरमध्ये थेट डाळ लावत असाल तर मात्र एक नियम पाळाच : डाळ आणि पाणी मिळून कुकर निम्म्याहून जास्त भरायचा नाही. फेस वर चढून वाफेचे भोक बुजले तर ते धोक्याचे आहे. चमचाभर तेल घातले की फेस कमी येतो, आणि कुकर धुताना ते भोक रोज उजेडात धरून पाहावे.

आता कपड्यांचा फेस. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचे पाणी येते. साबणाचा फेस होत नाही, बादलीच्या कडेला राखाडी थर बसतो. अशा जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. ते साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात. हाच तो स्कम. अशा पाण्यात कपड्यांच्या साबणापेक्षा पावडर चांगली चालते. साबणच वापरायचा तर पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवून घ्या.

पण फेस जास्त म्हणजे कपडे स्वच्छ, ही समजूत काढून टाका. मळ काढतात ती पावडरीतली द्रव्ये. फेस हा त्यांच्याबरोबर येणारा बाराती! समोरून दार असलेल्या यंत्रात तर फेस जास्त झाला की कपडे नीट घुसळले जात नाहीत, म्हणून त्यासाठी कमी फेसाची पावडर मिळते. शिवाय हा फेस मोरीतून पुढे कुठे जातो, तेही पाहायला हवे. गेल्या काही वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना आपण वर्तमानपत्रांत पाहिले आहेत. वारकरी त्या पाण्यात उभे होते. त्यात कारखान्यांचे सांडपाणी आहे, तसे गावागावांतले, घराघरांतलेही आहे. मूठभर पावडरीच्या जागी मापाने एक चमचा घातली म्हणून नदी निर्मळ होणार नाही, हे मला कळते. पण निदान आपल्या मोरीतला वाटा तरी कमी होईल.

लवकर न मोडणारा फेस

हे सगळे शब्द मी त्या रात्री आमच्या धाकटीला स्वयंपाकघरात समजावून सांगत होते. ती पाचवीत आहे. सासूबाई ओट्याशी स्टुलावर बसून मटार सोलत होत्या. मी म्हटलं, “साबणाचा फेस पाण्याने धुतला की जातो, पण फ्रॉथ लवकर मोडत नाही. डाळीवरचा बघ, कसा तसाच बसून राहतो.”

सासूबाईंचे हात थांबले. बाहेरच्या खोलीत हे बातम्या पाहत होते. त्यांच्याकडे एकदा पाहून सासूबाई हळूच म्हणाल्या, “तसाच मला येतो गं. डाळीसारखा.”

“काय येतो आई?”

“फेस. सकाळी. बाथरूमला गेल्यावर. पाणी ओतलं तरी राहतो.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपासून असेल.”

दिवाळी होऊन तीन महिने झाले होते! त्यांना बारा वर्षे साखरेचा त्रास आहे. गोळ्या वेळेवर घेतात, पथ्य मात्र सणावाराला मोडते. मी विचारलं, “आई, सांगितलं का नाही?” त्यांचे उत्तर मला अजून टोचते. म्हणाल्या, “सांगायचं काय? असल्या गोष्टीला काय म्हणतात तेच माहीत नाही. दुखत नाही, खुपत नाही. आणि लेकाला का सांगायचं हे?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आई खाली मान घालून गप्प. मीच सांगितलं, “यांना लघवीला फेस येतो, पाणी ओतल्यावरही जात नाही.” त्यांनी लगेच विचारलं, “फ्रॉथी आहे का? रोज असतं?” आणि आई चक्क म्हणाल्या, “हो, फ्रॉथ. डाळीवर असतो तसला.” डॉक्टरीणबाई हसल्या, पण लिहिणं थांबवलं नाही.

तपासणीत लघवीतून प्रथिने जात असल्याचे दिसले. साखर बरीच वर्षे असली की मूत्रपिंडाच्या गाळणीवर ताण येतो आणि रक्तात राहायला हवीत ती प्रथिने लघवीतून झिरपू लागतात. अंड्याचा पांढरा भाग फेटल्यावर जसा फेस टिकतो तसाच हा टिकतो. डाळीवरच्या फेसातही प्रथिनांचाच हात असतो. म्हणजे आईंनी दिलेली उपमा शास्त्राच्याही जवळची निघाली! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “लवकर आलात. अजून पुष्कळ करता येईल.” आता साखर आणि रक्तदाब दोन्ही काटेकोर सांभाळायचे आहेत, मीठ कमी करायचे आहे, एक गोळी वाढली आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. लोणच्याची बरणी आईंनी स्वतःच वरच्या फळीवर ठेवायला सांगितली. त्यांच्यासाठी एवढी गोष्ट किती मोठी आहे, ते आमच्या घरातच कळेल.

मैत्रिणींनो, तुम्हाला घाबरवायचे नाही. एखाद्या दिवशी जोराची धार लागली, पाणी कमी प्यायले गेले किंवा भांड्यात साफ करण्याचे औषध राहिले, तरी फेस दिसतो. पण तो रोज येत असेल, टिकत असेल, पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज दिसत असेल, तर लघवीची साधी तपासणी करून घ्या. घरात ज्यांना साखर किंवा रक्तदाब आहे त्यांची तर वर्षातून एकदा, फेस असो वा नसो, लघवीतल्या प्रथिनांची तपासणी व्हायलाच हवी. सुरुवातीला मूत्रपिंड बोलत नाही. दुखतही नाही. म्हणून आपणच विचारायचे.

आणि विचारायचे कसे, हेही सांगते. घरातली वडील माणसे, विशेषतः बायका, या गोष्टी आपण होऊन बोलत नाहीत. ‘काही त्रास आहे का’ असे विचारले की ‘नाही’ हेच उत्तर मिळते. त्यापेक्षा नेमके विचारा : फेस येतो का, रात्री किती वेळा उठता, रंग कसा असतो. त्यांच्याकडे शब्द नसेल तर आपण द्यावा. डाळ, ताक, साबण, कसलीही उपमा चालेल. डॉक्टरांना उपमा कळते, गप्प बसणे कळत नाही.

तोंडाला येणाऱ्या फेसाबद्दलही दोन शब्द. कोणाला फीट आली आणि तोंडाला फेस आला तर नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नका, दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका. आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करा, माणसाला कुशीवर वळवा म्हणजे फेस घशात न जाता बाहेर येईल, आणि घड्याळ पाहा. झटके पाच मिनिटांहून जास्त चालले, पुन्हा आले किंवा पहिल्यांदाच आले असतील तर 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. हा प्रसंग आमच्या शाळेच्या मैदानावर एकदा आला होता. तेव्हा आम्ही सगळ्या चप्पल शोधत होतो. आता शोधणार नाही.

सोमवारी मी आठवीच्या वर्गात गेले. फळ्यावर एका बाजूला शब्द लिहिले आणि दुसऱ्या बाजूला डाळीचे पातेले, दाढीचा ब्रश, बादली आणि समुद्र काढला. माझी चित्रकला पाहून मुले पोटभर हसली. मग मी सांगितलं की डाळीला फ्रॉथ म्हणायचे आणि अंगाच्या साबणाला लॅदर, आणि का तेही सांगितलं. शेवटी म्हटलं, “मागच्या आठवड्यात एका मुलीने मला ‘का’ विचारलं होतं. मला तेव्हा येत नव्हतं, म्हणून मी तिला गप्प केलं. ते चुकलं माझं.”

वर्ग एकदम शांत झाला. बाई चुकतात हे मुलांना माहीत असतं, पण बाई ते सांगतात हे नवीन होतं.

तिच्या वहीत मी कापलेला अर्धा गुण परत दिला नाही, कारण वाक्य चूकच होतं. पण खाली लिहिलं : प्रश्न फार चांगला. एक गुण जास्त. वही पाहून ती म्हणाली, “बरं, बाई.” या वेळच्या ‘बरं’चा अर्थ वेगळा होता.

घरी येऊन आईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “त्या पोरीला एकदा घरी घेऊन ये. तिच्या त्या अर्ध्या गुणाने माझं काम केलं.” येत्या रविवारी ती आणि तिची आई येणार आहेत. बेत अर्थातच वरणभाताचा. वरणात मीठ कमी असेल, फेसलेल्या मोहरीचं रायतं मात्र झणझणीत करणार आहे.